रेशनचं कार्ड आणि वस्तीतलं ताट

१९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि रंगूनचा तांदूळ मुंबईच्या गोदीत उतरायचा थांबला. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, शहरात शिधावाटप सुरू झालं. त्यामागे कळवळ्यापेक्षा हिशेब मोठा होता. युद्धकाळात गिरण्या आणि गोदी चालू ठेवायची, तर कामगार उपाशी राहून चालणार नव्हतं. मात्र त्या योजनेतली एक गोष्ट आज आठवण्यासारखी आहे. कार्ड सगळ्यांना होतं, मलबार हिलच्या बंगल्याला आणि लालबागच्या चाळीलाही. मिळकत किती, हा प्रश्न नव्हता. प्रश्न होता पत्ता कोणता, हा.

पत्त्याची ही अट पुढे सुटलीच नाही. डिसेंबर १९४७ मध्ये गांधीजींच्या आग्रहानं धान्यावरचं नियंत्रण उठलं, भाव भडकले, १९४८ मध्ये ते परत आलं, १९५४ मध्ये पुन्हा गेलं. १९५६ च्या पीएल-४८० या अमेरिकेबरोबरच्या धान्य करारानंतर अमेरिकी गहू येऊ लागला आणि रास्त भावाची दुकानं टिकून राहिली. लाल मिलोची, म्हणजे आयात ज्वारीची, भाकरी खाल्लेली पिढी अजून आहे, तिची चव विचारली की तोंड वाकडं करते. १९७२ च्या दुष्काळात समाजवादी मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांचा रोख भावाइतकाच दुकानातून गायब होणाऱ्या मालावरही होता.

गिरणगावात एकट्यानं राहणाऱ्या कामगाराला मात्र कार्डाचा उपयोग बेताचाच. आठ-दहा जणांच्या खोलीत चूल कुणी पेटवायची? तो महिन्याच्या बोलीवर खानावळवालीकडे जेवायचा. ती किराणा उधारीवर उचलायची, कामगार पगार झाला की पैसे द्यायचा, मग ती वाण्याचं देणं फेडायची. पगार अडला की साखळीतलं सगळ्यात कच्चं टोक तुटायचं, म्हणजे खानावळवालीचे दागिने गहाण पडायचे. १९७४ च्या ४२ दिवसांच्या गिरणी संपात हेच झालं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. १९८२ च्या संपानंतर जेवणाराच राहिला नाही.

दरम्यान कार्डाला दुसराच भाव आला. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेपासून वास्तव्याचा पुरावा म्हणून ते दाखवलं जाऊ लागलं. पुढे पुनर्वसनासाठी १ जानेवारी १९९५ च्या आधीपासून राहत असल्याची अट आली, तेव्हा तर धान्य न उचलणारी घरंही कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवू लागली. नव्यानं आलेल्या भाडेकरूला घरमालक कार्डासाठी पत्ता वापरू देईना, ही अडचण तेव्हापासूनची.

१९९७ मध्ये 'लक्ष्यनिर्धारित', म्हणजे गरीब निवडून करायचं, वाटप आलं आणि सगळ्यांना सरसकट मिळणारं रेशन संपलं. महाराष्ट्रात १९९९ पासून कार्डाचे तीन रंग झाले: वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतच्या मिळकतीला पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. १५,००० म्हणजे दिवसाला ४१ रुपये, तेही अख्ख्या घराचे. खेड्याला आणि मुंबईला एकच फूटपट्टी. परिणाम असा की धारावीत पहिल्या फेरीत जेमतेम १५१ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली मोजली गेली. हा आकडा तेव्हा चेष्टेचा विषय झाला होता, पण त्यावरच नियतन, म्हणजे धान्याचा कोटा, ठरत होतं.

अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला आणि शहरी भागासाठी वर्षाच्या मिळकतीची मर्यादा ५९,००० रुपये ठरली, म्हणजे दिवसाला साधारण १६१. या मर्यादेतल्या 'प्राधान्य' कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, सगळ्यात गरिबांच्या 'अंत्योदय' गटाला कार्डामागे ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ हे मूळ परिमाण धरलं तर माणशी रोज १०० ग्रॅम गहू येतो, म्हणजे तीन चपात्या, आणि ६७ ग्रॅम तांदूळ. अंगमेहनतीच्या माणसाचं एवढ्यावर एक वेळ भागतं. डाळ, तेल, भाजी यात नाहीच. ऑक्टोबर २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल देणारा 'आनंदाचा शिधा' निघाला, पण तो सणापुरता.

दुकानात माल अडतो तो बहुधा अंगठ्याशी. भांडी घासून, सिमेंट कालवून रेषा झिजलेल्या असतात आणि दुकानातलं ओळख तपासणारं ई-पॉस यंत्र ठसा घेत नाही. अशा वेळी बोटं पुसून दुसरं बोट लावावं, घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो, किंवा आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी. मोबाइल नंबर बदललेला असेल तर इथेच सगळं थांबतं. पावती मागून घ्यावी, कारण यंत्रात २० किलो आणि पिशवीत १८ हा जुना खेळ पावतीशिवाय पकडता येत नाही. घरी आलेला गहू चाळून, खडे निवडून चक्कीवर न्यायचा, दळणाचे पैसे वेगळे.

गावचं कार्ड मुंबईत चालवण्याची सोय २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरातपासून सुरू झाली. गावात घरच्यांना आणि इथे कामावरच्या माणसाला आपापला वाटा उचलता येतो. पण दुकानदाराचं नियतन त्याच्या कार्डधारकांच्या हिशेबानं येतं, त्यामुळे महिनाअखेर परगावच्या माणसाला 'माल संपला' ऐकावं लागतं.

उरलेलं ताट किराण्याच्या वहीवर भरतं. रोजंदारीच्या घरात तेल दहा-वीस रुपयांचं, चहा पुडीनं. सुट्या तेलाच्या विक्रीला बंदी आहे, तरी ती चालते, कारण लिटरचे पैसे एकदम हातात नसतात. दहा बाय बाराच्या खोलीत पोतं ठेवायला जागा नसते, पावसात ओल आणि उंदीर. म्हणून गरीब माणूस तेच तेल किलोमागे महाग घेतो आणि उधारीमुळे दुकान बदलूही शकत नाही.

तयार जेवणाचे सरकारी प्रयोगही झाले. १९९५ ची एक रुपयातली झुणका-भाकर केंद्रं पाचेक वर्षांत बंद पडली, अनेक जागांवर दुसरेच धंदे उभे राहिले. २६ जानेवारी २०२० पासूनची शिवभोजन थाळी १० रुपयांची: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. शहरात थाळीचा दर ५० धरून वरचे ४० रुपये सरकार केंद्रचालकाला देणार, अशी रचना होती. अनुदान रखडलं की वरण पातळ होतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. सुरुवातीची वेळ दुपारी १२ ते २, म्हणजे नाक्यावर काम मिळालेला मजूर तेव्हा कामावर असायचा.

नवं नाव घालायला शिधावाटप कार्यालयात गेलं की 'इष्टांक संपला', म्हणजे लाभार्थ्यांची ठरलेली संख्या भरली, हे उत्तर मिळतं. कायद्यानं महाराष्ट्राला सात कोटी लाभार्थ्यांची कमाल मर्यादा घातली आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्यानंतर वस्तीत कितीही माणसं आली, तरी नवं नाव आत घ्यायचं तर आधी कुणाचं तरी गळावं लागतं.