दुसऱ्या घरच्या फेरेटांशी ओळख: खेळवर्गाला येण्यापूर्वी

गणपतीला आणि मे महिन्याच्या सुट्टीत गावी येणाऱ्या चाकरमानी मंडळींबरोबर आता अधूनमधून फेरेटही येऊ लागले आहेत, आणि रत्नागिरीतल्या ज्या मोजक्या घरांत फेरेट आहेत त्यांनाही आपल्या प्राण्याला सोबत मिळावी असे वाटते. यासाठी आमच्या केंद्रात ठेवलेल्या खोलीत दोन-तीन घरांचे फेरेट एकत्र खेळतात. ही ओळख कशी करून दिली जाते आणि त्यासाठी आपल्याकडून काय तयारी हवी, हे या पत्रकात सांगितले आहे.

फेरेट मुंगसासारखा दिसत असला तरी तो मुंगूस नव्हे. सिंधुदुर्गातल्या खाड्यांत दिसणाऱ्या पाणमांजराच्या कुळातला, युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाळवलेला हा प्राणी आहे. (पिंजरा घेऊन येताना वाटेत कोणीतरी विचारतेच, म्हणून हे माहीत असलेले बरे, मुंगूस हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असून तो घरी पाळता येत नाही.)

आधी प्रकृती, मग खेळ

फेरेटांच्या आजारांत आम्हाला सर्वांत जास्त धास्ती डिस्टेंपरची वाटते. कुत्र्यांना होणारा हा रोग फेरेटाला झाला तर तो जवळजवळ नेहमीच जिवावर बेततो, आणि त्याचा विषाणू मोकाट कुत्र्यांकडून माणसाच्या कपड्यांवरून वा चपलांवरूनही आत येऊ शकतो; म्हणून पादत्राणे ओटीवरच काढावीत, हा नियम आम्ही पाहुण्यांसाठीही सोडत नाही. लसीबाबत आपल्या पशुवैद्यकांचा सल्ला घेऊन त्यांची नोंदवही सोबत आणावी. माणसाचा फ्लू फेरेटाला होतो आणि फेरेटाचा माणसाला, त्यामुळे घरात कोणाला ताप-सर्दी असेल तर त्या आठवड्यात येऊ नये. नव्याने विकत घेतलेला फेरेट किमान दोन आठवडे घरीच वेगळा ठेवून मग आणावा. कानात काळपट मळ साचत असेल आणि प्राणी सारखा कान खाजवत असेल तर कानातल्या किड्यांची शंका घ्यावी व उपचार पूर्ण होईपर्यंत थांबावे.

नसबंदी न केलेला वयात आलेला नर आम्ही गटात घेत नाही. माजावर आलेले दोन नर एकमेकांना गंभीर जखमा करतात, आणि नसबंदीनंतरही काही आठवडे नराची प्रजननक्षमता टिकून राहते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे जाऊ द्यावेत. मादीबाबत तर हा प्रश्न खेळापुरता नाही: माजावर आलेली मादी नराशी संयोग न झाल्यास दीर्घकाळ माजावरच राहते, शरीरातल्या इस्ट्रोजेनमुळे तिच्या हाडांच्या मगजात रक्त तयार होणे मंदावते आणि त्यातून ती दगावू शकते. आपल्याकडे अशी मादी असेल तर खेळवर्गाची चौकशी नंतर करावी, पशुवैद्यकांची वेळ आधी घ्यावी.

किनाऱ्यावरचा उकाडा

फेरेटाला घाम येत नाही म्हटले तरी चालेल, आणि कोकणातल्या दमट हवेत धाप टाकूनही त्याचे अंग फारसे निवत नाही. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या पुढे तो त्रासू लागतो आणि बत्तीसच्या आसपास जिवाला धोका असतो. आपल्याकडे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये हे तापमान रोजचेच आहे. त्यामुळे आमचा वर्ग सकाळी नऊच्या आत संपतो, खोली वातानुकूलित असते, आणि वीज गेली व अर्ध्या तासात आली नाही तर खेळ थांबवून सर्वांना घरी पाठवले जाते. येताना प्रवासी पिंजऱ्यात पंच्यात गुंडाळलेली बर्फाच्या पाण्याची बाटली ठेवावी. प्राणी तोंड उघडे टाकून धापा टाकू लागला, अंग सैल सोडून पसरला किंवा त्याचे नाक व तळवे लालभडक दिसले, तर पाय आणि पोट साध्या गार पाण्याने ओले करून ताबडतोब पशुवैद्यकांकडे न्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

ओळख

फेरेट जग वासाने ओळखतो, म्हणून ओळखीची सुरुवात भेटीआधी दोन-तीन दिवस होते. आपल्या फेरेटाच्या अंथरुणातला गोधडीचा एक तुकडा, न धुता, आमच्याकडे द्यावा. त्या बदल्यात दुसऱ्या घरचा तुकडा आपल्याला मिळेल, तो त्याच्या झोपण्याच्या जागी ठेवावा. त्यावर शेपटी फुलवून फिसकारणे हे पहिल्या दिवशी स्वाभाविक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो त्यावर झोपू लागला की भेटीला हरकत नाही.

भेटीची जागा कोणाच्याच मालकीची नसावी, हे आम्ही कटाक्षाने पाळतो. नवा फेरेट जुन्याच्या पिंजऱ्यात सोडणे ही घरोघरी होणारी सर्वांत मोठी चूक आहे. आमच्या खोलीतली फरशी प्रत्येक वर्गाआधी धुतली जाते आणि तीत कोणाचीही घरची खेळणी नसतात. असतात ती पुठ्ठ्याची खोकी, चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि जुन्या पॅन्टचे पाय. (रबराच्या चपला, फोम, फुगे यांपैकी काहीही आणू नये. फेरेटाला रबर चावायला आवडते आणि गिळलेला तुकडा आतड्यात अडकतो.) नव्याला एकदम सर्वांसमोर सोडत नाही, गटातला सर्वांत शांत प्राणी आधी आणि दांडगा सर्वांत शेवटी, असा क्रम असतो. पहिली भेट पंधरा-वीस मिनिटांचीच ठेवली जाते.

ही पहिली पंधरा मिनिटे मालकांना बघवत नाहीत, याची आम्हाला कल्पना आहे. फेरेटांचा खेळ मुळातच आडदांड असतो: मानेला धरून ओढणे, उलथवून वर बसणे, पाठ कमानीसारखी उंचावून तोंड उघडे ठेवत आडव्या उड्या मारणे, आणि यात घशातून येणारा कुकुकु असा हलका आवाज. गेल्या खेपेला मुंबईहून आलेल्या बंड्या नावाच्या थोराड नराने इथल्या चिंगीला मानेला धरून सबंध खोलीभर फरफटवले, तेव्हा चिंगीच्या मालकीणबाई तिला उचलायला उठल्या. आम्ही त्यांना क्षणभर थांबण्याची विनंती केली. बंड्याने सोडताच चिंगी पाइपात शिरली, दुसऱ्या टोकाने बाहेर आली आणि मागून त्याच्या शेपटीला धरून लटकली.

आम्ही पाहतो ते एवढेच: खाली पडलेला परत येतो का. आवाज किती होतो याला फारसे महत्त्व नाही. ज्याला ओढले तो सुटल्यावर स्वतःहून खेळात परतत असेल आणि आळीपाळीने वरचढ होत असेल, तर खेळ चालू राहतो. एकच प्राणी सतत मार खात असेल, कोपऱ्यात दबून बसत असेल, भीतीने मलमूत्र करत असेल, किंचाळूनही दुसरा सोडत नसेल किंवा कातडी फुटून रक्त आले असेल, तर त्या क्षणी वेगळे केले जाते. अशा वेळी मध्ये हात घालू नये. जाड टॉवेल टाकून चावणाऱ्याला मानेच्या कातडीने उचलणे हे आमच्या कर्मचाऱ्यांचे काम आहे.

आपला फेरेट पांढऱ्या डोक्याचा किंवा कपाळावर पांढरा पट्टा असलेला असेल तर तो बहिरा असण्याची शक्यता बरीच असते. बहिऱ्याला समोरच्याची किंकाळी ऐकू येत नाही आणि तो मुद्दाम नव्हे, पण जास्त जोराने चावतो. नोंदणीच्या वेळी हे सांगावे, म्हणजे त्याच्यासोबत थोडे मोठे आणि निर्भीड सवंगडी निवडता येतात.

खाणे आणि घरी गेल्यावर

फेरेटाचे अन्न तीन-चार तासांत पचून बाहेर पडते, म्हणून वर्गाआधी थोडे मांस वा त्याचे नेहमीचे खाणे देऊन आणावे. वयस्क फेरेटांत रक्तातली साखर एकाएकी उतरणे हा आजार बराच आढळतो. खेळताना मागचे पाय लटपटले, तोंडाला फेस आला किंवा नजर शून्यात लागली तर लगेच आम्हाला सांगावे. सुकट, सुका बांगडा किंवा कोणतीही खारवलेली मासळी बक्षीस म्हणून देऊ नये. प्रत्येकाचे भांडे वेगळे असते आणि दुसऱ्याच्या फेरेटाला आपण काहीही भरवू नये.

घरी गेल्यावर मान, कानांची टोके आणि शेपटीचे बूड बोटांनी चाचपून पाहावे, कारण दाट केसांत लहान छिद्र दिसत नाही. त्यानंतर तो नेहमीपेक्षा जास्त वेळ झोपला तर काळजी नको. एरवीही फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतो. मात्र दोन-तीन दिवसांत हिरवट, बुळबुळीत जुलाब सुरू झाले तर पशुवैद्यकांना दाखवावे आणि त्याच दिवशी आम्हालाही कळवावे. हा विकार एकाकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातो आणि प्रौढ फेरेट स्वतः बरा दिसत असूनही तो पसरवू शकतो, त्यामुळे अशा निरोपावरून आम्ही कोणालाही दोष देत नाही. त्या वर्गातल्या बाकीच्या घरांना त्याच दिवशी फोन करतो.