अर्धा घासलेला दगड

नदीच्या पाण्यातून उचललेला लालबुंद खडा पोरं खिशात घालतात आणि घरी येऊन बघतात तर तो मळकट, निस्तेज. खडा तोच असतो, गेलेलं असतं ते फक्त त्याच्यावरचं पाणी. पाण्याने दगडाचा रंग का खुलतो हे एकदा कळलं, की पॉलिश म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही.

कोरडा खडा हाताला गुळगुळीत लागला तरी त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारे खाचखळगे असतात. गारगोटीवर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारण साडेचार टक्के प्रकाश आत न शिरता वरच्या वर परततो. आत न गेल्यामुळे त्याला दगडाचा रंग लागलेलाच नसतो, तो पांढराच असतो. खडबडीत पृष्ठभागावरून तो दाही दिशांना विखुरतो, त्यामुळे खडा कसाही फिरवला तरी आतून येणाऱ्या रंगात हा पांढुरका प्रकाश मिसळतोच. पाणी खळगे भरून काढतं. पाण्याच्या पृष्ठभागावरून जेमतेम दोन टक्के प्रकाश परततो, तोही एकाच दिशेला. पुढे पाण्यातून दगडात शिरताना अर्धा टक्का. मग रंग उघडा पडतो. पॉलिश हेच काम कायमचं करतं. खळगे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे ०.४ ते ०.७ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लहान होईपर्यंत दगड घासत राहायचा, एवढंच.

म्हणून मुलांना दगडांची गोडी लावायची तर चकचकीत दगड जरूर द्यावा, पण एकटा देऊ नये. त्याच्याबरोबर त्याच जातीचा ओबडधोबड तुकडाही द्यावा. नुसता चकचकीत दगड दोन दिवस कौतुकाचा होतो आणि मग खेळण्यांच्या डब्यात तळाशी जातो. दोन्ही एकच दगड आहेत हे पटायला वेळ लागतो, आणि प्रश्न तिथूनच सुरू होतात.

त्याहून उत्तम म्हणजे अर्धा घासलेला दगड, तोही मुलांनीच घासलेला. मार्बलच्या दुकानाबाहेर तुटक्या तुकड्यांचा ढीग असतो, त्यातला एक मागून आणावा. हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचे घासकागद, घ्यावेत: १२०, २२०, ४००, ८०० आणि १५०० नंबरचे. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. तुकड्याच्या पॉलिश नसलेल्या बाजूवर अर्ध्या भागाला चिकटपट्टी लावायची आणि उरलेला अर्धा भाग पाण्यात भिजवून १२० नंबरने आडवा घासायचा. दुधट पाणी सुटतं, तो मार्बलचाच चुरा. पुढचा नंबर उभा घासायचा. आडवे ओरखडे पूर्ण गेले की तो नंबर संपला, मग पुन्हा आडवा. कंटाळून मधला एखादा नंबर गाळणारं मूल हमखास निघतं, निघू द्यावं. शेवटी चकाकणाऱ्या भागात जुन्या खोल रेघा तशाच दिसतात आणि नंबर क्रमाने का घ्यायचे हे सांगण्याची वेळ येत नाही.

मार्बल मऊ, म्हणून हे हाताने जमतं. अकीक, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा अ‍ॅगेट, असं दाद देत नाही, पण महाराष्ट्रातल्या मुलाला द्यायचाच तर अकीक द्यावा, कारण तो आपल्याच जमिनीतला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचं पठार तयार झालं. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो काळा कातळ आहे. लाव्हातली वाफ आणि वायू वर येताना बुडबुड्यांच्या रूपात अडकले, लाव्हा थिजला, पोकळ्या राहिल्या. नंतर मुरलेल्या पाण्यातून सिलिका, म्हणजे गारगोटी जिची बनते तो पदार्थ, येऊन त्या पोकळीच्या भिंतीवर थराथराने बसत गेली. कापलेल्या अकिकातले पट्टे ते हेच, बाहेरचा सगळ्यात जुना. मध्ये जागा उरली तर तिथे स्फटिकांना टोकं फुटतात. लोहाचा अंश आणि आसपासच्या खडकातला नैसर्गिक किरणोत्सार यांमुळे कधी ते जांभळेही होतात.

कातळ झिजून त्याची काळी माती होते, अकीक मात्र टिकतो. म्हणून तो नांगरटीत वर येतो, नदीच्या गोट्यांत आणि वाळूत सापडतो. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी याच कुळातल्या दगडाच्या काढलेल्या पात्या मिळाल्या.

अकीक किती कठीण, हे खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीवर कळतं. शंखजिरे १, हिरा १०, अकीक ७ च्या आसपास. नख अडीच आणि काच साडेपाचच्या जवळ. जाड काचेची बाटली मोठ्या माणसाने धरावी आणि मुलाने खड्याच्या कोपऱ्याने ओरखडा काढून पाहावा. काचेवर रेघ उठली तर तो अकिकाच्या कुळातला असू शकतो. नाही उठली आणि व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फसफसलं, तर तो बहुधा कॅल्साइट, म्हणजे मार्बल ज्याचा बनतो ते मऊ खनिज.

कातळाच्या पोकळ्यांत असे मऊ पाहुणे बरेच असतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हन्साइट, पाषाणचा हिरवा अपोफिलाइट, फिकट गुलाबी स्टिलबाइट. हे घासायचे नसतात. त्यांचे पैलू निसर्गानेच पाडलेले असतात, आणि दगड घासायच्या यंत्राच्या फिरत्या पिंपात टाकले तर भुगा होतो.

बाजारात दगड घेताना थोडं सावध राहावं. अजिंठा-वेरूळच्या वाटेवर किंवा ऑनलाइन मिळणारा भडक गुलाबी, विजेसारखा निळा अकीक बहुतेक वेळा रंगवलेला असतो. अकिकाचे काही थर सच्छिद्र असतात, ते रंग पितात. घट्ट थर पीत नाहीत. नेलपॉलिश काढायच्या द्रवात बुडवलेला कापूस फिरवला तर कधी कधी रंग कापसावर येतो. रंगवणं ही लबाडीच असते असंही नाही. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनला अकीक साखरेच्या पाकात मुरवून सल्फ्युरिक आम्लात टाकत. साखरेचा कोळसा होऊन दगड काळा पडे. गुजरातेत खंबातचे कारागीर पिवळट अकीक मडक्यात घालून गोवऱ्यांच्या धगीत भाजतात. त्यातल्या लोहाच्या संयुगातलं पाणी उडतं आणि दगड लाल होतो. हडप्पा काळापासून चालत आलेली ही विद्या आहे, आणि त्या काळचे लाल मणी थेट इराकमधल्या उर शहराच्या राजथडग्यांत सापडले आहेत. दगडांवर ‘शांती देणारा’, ‘बुद्धी वाढवणारा’ असे कागद चिकटवण्यापेक्षा ही हकिकत सांगितलेली कितीतरी बरी.

खंबातची दुसरी बाजूही खरी आहे. कोरड्या अकिकाची धूळ फुप्फुसात जाऊन तिथल्या अनेक कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार झाला आहे. घरी कोणताही दगड घासायचा तो ओलाच.

या दृष्टीने टंबलर हे दगड घासायचं यंत्र बरं, कारण त्यात सगळं पाण्यात चालतं. निघोजला कुकडी नदीने कातळात रांजणखळगे कोरलेत ते भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनीच, आणि त्यात गोटेही गोल होत गेले. टंबलरमध्ये छोटं पिंप अहोरात्र फिरत राहतं. ते खड्यांनी दोनतृतीयांश भरायचं, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइड या कठीण घासपदार्थाची जाड भुकटी टाकायची, आठवड्याने धुऊन बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिशची पूड. साधारण महिना लागतो. सारख्याच कठीणपणाचे खडे एकत्र घालायचे, नाहीतर मऊ खडे झिजून जातात. दर आठवड्याला निघणारा राखाडी राडा मोरीत मात्र ओतू नये. तो पाइपात बसला की निघत नाही, जुन्या बादलीत साठवून कचऱ्यात टाकावा. आणि घरात तीन वर्षांखालचं लेकरू असेल तर तयार खडे त्याच्या हाताला लागणार नाहीत असे वर ठेवावेत, कारण ते तोंडात घालायच्याच आकाराचे असतात.