अनामिक दाता आता अनामिक राहत नाही

शुक्राणू किंवा स्त्रीबीज देणाऱ्याचं नाव कायम गुप्त राहील, असं वचन जगभरच्या दवाखान्यांनी कित्येक दशकं दिलं. ते दात्याला दिलं, पालकांना दिलं. ज्याच्या आयुष्याशी त्याचा सगळ्यात जवळचा संबंध होता, तो माणूस तेव्हा जन्मलाच नव्हता. आज हे वचन पाळणं कोणाच्याच हातात राहिलेलं नाही.

कारण घरबसल्या करता येणारी डीएनए चाचणी. नळीत थोडी लाळ भरून पाठवली, की प्रयोगशाळा जनुकसंचातल्या सुमारे सहा-सात लाख जागा वाचते आणि आधी चाचणी केलेल्या लोकांशी त्या ताडून पाहते. दोघांच्या डीएनएचे किती लांबीचे तुकडे सारखे आहेत, हे सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. आई किंवा वडील आणि मूल यांच्यात साधारण ३,४०० ते ३,५०० सेंटिमॉर्गन जुळतात, सख्ख्या भावंडांत सुमारे २,६००. एकाच दात्यापासून वेगवेगळ्या घरांत जन्मलेल्या दोघांत सरासरी १,७५० च्या आसपास, आणि चुलत, आते, मामे भावंडांत ८७० च्या आसपास.

घोळ होतो तो इथेच. १,७५० हा आकडा काका-पुतण्याचाही असू शकतो आणि आजी-नातवाचाही. वयातलं अंतर पाहून काही शक्यता गळतात. दोन मुली असतील तर एक्स गुणसूत्र पाहावं. वडील आपलं एकमेव एक्स प्रत्येक मुलीला जसंच्या तसं देतात, म्हणून एकाच शुक्राणूदात्याच्या दोन मुलींचं एक एक्स टोकापासून टोकापर्यंत जुळायलाच हवं. मुलगे असतील तर वाय गुणसूत्र सारखं हवं. स्त्रीबीज एकाच दात्रीचं असेल, तर मायटोकाँड्रियाचा (पेशीतला, फक्त आईकडून येणारा) डीएनए सारखा हवा. वाय आणि मायटोकाँड्रिया यांच्यावरून नातं नाही, हे खात्रीने कळतं. ते जुळले म्हणून मात्र नातं सिद्ध होत नाही, कारण तेच वाय दात्याच्या भावाकडे आणि चुलत भावाकडेही असतं.

दात्याने स्वतः चाचणी केलेली असण्याचीही गरज नसते. २०१८ साली झालेल्या एका अभ्यासात सुमारे १२.८ लाख लोकांची माहिती तपासली, तेव्हा युरोपीय वंशाच्या अमेरिकी लोकांपैकी साधारण ६० टक्क्यांना निदान तिसऱ्या पिढीतलं, म्हणजे खापरपणजोबा एकच असलेलं, चुलत भावंड सापडेल असं दिसलं. अशी दोन-तीन लांबची नाती हाती लागली की त्यांचा सामाईक पणजोबा किंवा खापरपणजोबा शोधायचा, तिथून वंशवेल खाली आणायची आणि दात्याचं वय, गाव, शिक्षण यांत बसणारा माणूस हेरायचा. भारतीयांना हे अवघड जातं. या संग्रहांत आपले लोक फार कमी आहेत. शिवाय मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घराण्यांत, किंवा पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं झाली असतील तिथे, लांबचा नातेवाईकही जवळचा वाटतो. अशा वेळी नुसती बेरीज पाहू नये, सर्वांत लांब तुकडा किती आहे ते पाहावं. जुन्या, लांबच्या नात्यातून आलेले तुकडे बारीक बारीक असतात.

हा नुसता कुतूहलाचा विषय नाही. डॉक्टर विचारतात, "घरात कोणाला कर्करोग, मधुमेह, हृदयविकार?" दात्याविषयी अंधारात असलेला माणूस प्रामाणिकपणे चुकीचं उत्तर देतो. दान केलेल्या स्त्रीबीजापासून जन्मलेल्या मुलीला आईच्या स्तनांच्या कर्करोगाचा वारसा आलेलाच नसतो; दात्रीच्या घरात तो असेल तर तिची तपासणी लवकर सुरू व्हायला हवी होती, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. "माहीत नाही" हे उत्तर त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा देण्याची वेळ आली, तर एरवी आई-वडील दोघंही निम्मे जुळतात. इथे त्यांतलं एक जण जुळत नाही. अशा आजारपणात, रुग्णालयाच्या खोलीत हे पहिल्यांदा कळणं फार क्रूर असतं.

दात्याची तपासणी होते हे खरं, पण ती त्या दिवसापुरती असते. पंचविशीतल्या निरोगी तरुणाला पंचेचाळिशीत काय होईल, हे त्या कागदावर नसतं. २०२५ साली युरोपात एक प्रकरण उघडकीला आलं. एका शुक्राणूदात्याच्या काही पेशींतच टीपी-५३ या जनुकातला घातक बदल होता. हे जनुक पेशींना कर्करोगाकडे वळण्यापासून रोखतं. बदल सगळ्या शरीरात नसल्यामुळे नेहमीच्या तपासणीत तो सापडणं शक्य नव्हतं. मे महिन्यात शास्त्रज्ञांनी माहिती मांडली तेव्हा आठ देशांतली ६७ मुलं समोर आली होती. त्यांपैकी २३ जणांत तो बदल होता आणि १० जणांना कर्करोग झाला होता. पुढे मुलांचा आकडा बराच वाढला. एका दात्याचं बीज किती घरांत जावं यावर अनेक देशांत मर्यादा आहे, पण ती त्या त्या देशापुरती. सीमा ओलांडली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

स्वीडनने १९८५ साली, जगात सर्वांत आधी, कायद्याने शुक्राणूदात्याची अनामिकता काढून घेतली. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतर नोंदलेल्या दात्याचं नाव मुलाला १८ व्या वर्षी मिळू शकतं. ओळख न सांगणारी माहिती १६ व्या वर्षीच मागता येते, आणि ज्याच्याशी संबंध जुळतो आहे तो आपल्याच दात्याचा तर नाही ना, हेही दोघांच्या संमतीने विचारता येतं. ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य सर्वांत पुढे गेलं: १ मार्च २०१७ पासून जुन्या, गुप्ततेचं वचन मिळालेल्या दात्यांचीही नावं, नोंद उपलब्ध असेल तर, मुलांना मिळू लागली. दात्याला मात्र "माझ्याशी संपर्क नको" असं नोंदवता येतं आणि ते मोडणाऱ्याला दंड आहे. मला ही रचना न्याय्य वाटते. आपण कोणापासून आलो हे कळणं हा हक्क आहे. त्या माणसाने नातं जोडावं, हा नव्हे.

भारतात सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा (टेस्ट ट्यूब बेबी, दात्याचं बीज अशा उपचारांचा) कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. शुक्राणूदाता २१ ते ५५ वर्षांचा, स्त्रीबीजदात्री २३ ते ३५ वर्षांची. स्त्रीबीज आयुष्यात एकदाच द्यायचं, तेही जास्तीत जास्त सात बीजं, आणि एका दात्याचं बीज एकाच जोडप्याला. मूल कायद्याने त्या जोडप्याचंच जैविक अपत्य मानलं जातं. वारसाहक्काच्या दृष्टीने हे संरक्षण भक्कम आहे. बीजपेढीने दात्याचं नाव, पत्ता, आधार क्रमांक घ्यायचा, नोंदी किमान १० वर्षं जपायच्या आणि नंतर राष्ट्रीय नोंदणीकडे सोपवायच्या. म्हणजे माहिती आहे. पण मुलाने मोठं झाल्यावर ती मागायची कशी, याचं एकही कलम त्यात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १८ वर्षांच्या मुलाला, ओळख वगळून, दात्याची माहिती विचारण्याची मुभा होती. कायदा करताना ती का गळावी? आणि मुंबईत १९८६ साली केईएम रुग्णालयात शास्त्रीय नोंद असलेली देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मल्यानंतर २०२२ पर्यंत दात्यांच्या बीजांपासून जी मुलं जन्मली, त्यांच्यासाठी राष्ट्रीय नोंदणी नव्हतीच.

म्हणून कागद पालकांनीच जपायला हवेत. बीजपेढीचं नाव, दात्याचा संकेत क्रमांक, संमतीपत्राची प्रत, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग यांचे अहवाल तारखांसह, थॅलेसेमिया तपासला होता का, दात्याचं तेव्हाचं वय आणि रक्तगट. उपचार चालू असतानाच मागून घ्यावं. दवाखाने बंद होतात, डॉक्टर निवृत्त होतात.

मुलाला सांगायचं कधी? केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञ सुझन गोलोम्बोक यांच्या गटाने अशा कुटुंबांचा २० वर्षं मागोवा घेतला. ही मुलं इतरांइतकीच सुखात वाढली. त्यातही सात वर्षांच्या आत कळलेल्यांचं आईशी नातं अधिक चांगलं होतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं: "बाळ व्हायला दोन बीजं लागतात. आमच्याकडे एक नव्हतं. एका माणसाने दिलं, मग तू झालास." पुढचे प्रश्न मूल आपणहून विचारतं.

मूल मोठं झालं असेल तरी सांगावंच, आणि डीएनए चाचणीतून त्याला कळण्याआधी. कोणाचं लग्न, परीक्षा किंवा आजारपण चालू असताना नको. सांगताना कागदांची फाइल हातात द्यावी. चाचणी करायचीच असेल, तर आधी समुपदेशकाशी बोलावं आणि नातेवाईक दाखवण्याची सोय सुरू ठेवायची की बंद, हे ठरवावं. भावंड सापडलंच तर पहिला निरोप दोन-तीन ओळींचा असावा: आपलं जन्मवर्ष, जुळलेला आकडा, बोलायला आवडेल का एवढंच. "दाता" हा शब्द त्यात घालू नये. पलीकडच्या माणसाला त्याच्या आई-वडिलांनी अजून काही सांगितलेलं नसण्याची शक्यता असते.