चालू लाईनवर टाका मारणार नाही – एअर लाईनच्या पाईप वेल्डिंगबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार मंडळी. एअर लाईन म्हणजे कॉम्प्रेसरची दाबलेली हवा मशीनपर्यंत नेणारी पाईपलाईन, तिचं वेल्डिंग आम्ही करतो. कोल्हापूर भागात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, उद्यमनगर, फोन कुठनं पण येऊ दे, बोलणं एकच असतं. "लाईन लीक झालीय, पोरगं पाठवा, दोन टाके मारून जाऊ दे, प्रॉडक्शन तेवढं थांबवू नका." टाके मारायला पाच-दहा मिनिटंच लागतात हे खरंय, पण त्याच्या आधीची तयारी कधीकधी अर्धा दिवस खाते आणि मग बिल बघून शेठ विचारतात की एवढं काय केलं तुम्ही. म्हणून हे लिहून काढलंय. तुम्ही वाचा आणि मेंटेनन्सवाल्यालाही द्या, कारण निम्मी तयारी त्याच्याच हातात असते.

हवाच तर हाय की!

हे वाक्य आम्ही लै ऐकलंय. 7 केजी प्रेशरला (म्हणजे चौरस सेंटिमीटरला 7 किलो) 4 इंची पाईपच्या तोंडावर सहाशे किलोच्या आसपास जोर असतो, हिशोब करून बघा, साधारण 85 चौरस सेंटिमीटर गुणिले 7. त्यात वेल्डिंग करताना जॉइंटपाशी पाईप लाल होतो आणि लाल झालेल्या स्टीलमध्ये थंड स्टीलची निम्मी ताकद पण उरत नाही. म्हणजे आतनं प्रेशर आणि बाहेरनं जाळ, पाईप फाटला तर तो वेल्डरच्या तोंडासमोरच फाटणार. त्यामुळं चालू लाईनवर आम्ही टाका मारत नाही, ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी नाही.

आता कॉम्प्रेसर बंद केला म्हणजे लाईन रिकामी झाली असं नसतं. टाकी भरलेली असते, एनआरव्हीच्या (हवा उलटी येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पुढं हवा अडकलेली असते, दोन व्हॉल्व्हच्या मधला तुकडा कुणाच्या ध्यानातच नसतो. गेजचा काटा शून्यावर आहे म्हणून विश्वास ठेवू नका, फौंड्रीच्या धुळीत काटे अडकून बसतात. ड्रेन कॉक उघडायचा, आवाज पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं आणि काम संपेपर्यंत तो उघडाच ठेवायचा, कारण बंद तुकड्यात राहिलेली हवा वेल्डिंगच्या गरमीनं परत फुगते. कॉम्प्रेसर ऑटोवर असतो हे पण विसरू नका, प्रेशर पडलं की तो आपोआप चालू होतो. मेन स्विच पाडून कुलूप लावायचं आणि चावी वेल्डरच्या खिशात. सुपरवायझरच्या टेबलावर नाही, वेल्डरच्याच खिशात. रिंग लाईन (गोल फिरून परत जोडलेली) असली किंवा दोन कॉम्प्रेसर एका हेडरला, म्हणजे मुख्य पाईपला, जोडलेले असले तर हवा दोन्हीकडनं येते, तिथं नुसता व्हॉल्व्ह बंद करून चालत नाही, फ्लँजमध्ये (पाईप बोल्टनं जोडायच्या चकत्यांमध्ये) ब्लाइंड प्लेट, म्हणजे बिनभोकाची चकती, घालायला लागते.

खरी भीती तेलाची

जुन्या लाईनच्या आतनं हात फिरवून बघा, काळं चिकट तेल लागतं. पिस्टन कॉम्प्रेसर जरा झिजला की हवेबरोबर तेल ढकलतो, ते पाईपच्या आत थर करून बसतं आणि वर कार्बन साचतो. बाहेरनं वेल्डिंगची गरमी लागली की तेलाची वाफ होते, हवा आत आहेच, ठिणगी आपण देतोय, मग आपल्याकडं म्हणतात तसं जाळ अन् धूर संगटच. म्हणून जुनी लाईन असेल तर आम्ही शक्यतो तो तुकडा फ्लँजला खोलून खाली घेतो, दोन्ही तोंडं उघडी करतो, गरम पाणी आणि डिटर्जंटनं आतनं धुतो, वाळवतो आणि जमिनीवर वेल्ड करून परत वर चढवतो. वेळ जातो तो इथं. पेट्रोल, रॉकेल, थिनरनं धुवायचं कुणी सांगितलं तर ऐकू नका. स्प्रेच्या डब्यातले काही डीग्रीझर तर अजून वाईट, त्यात क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं आणि आर्कच्या उजेडात त्याच्या वाफेचा फॉस्जीन नावाचा विषारी गॅस होतो.

यातच एक गोष्ट ठळक सांगायची. गॅस कटर साईटवर असतो, ऑक्सिजनचा सिलिंडर समोर दिसतो, आणि कुणीतरी हुशार म्हणतो की कॉम्प्रेसर बंद आहे तर ऑक्सिजननं लाईन ब्लो मारू, म्हणजे जोरानं फुंकून साफ करू, किंवा टेस्ट करू. अजिबात नाही. तेल लागलेल्या पाईपात प्रेशरचा ऑक्सिजन गेला की ठिणगीची पण गरज राहत नाही, आपोआप पेट घेऊन स्फोट होऊ शकतो. आमच्या माणसानं असं काही केलेलं दिसलं तर त्याला तिथंच थांबवा आणि आम्हाला फोन करा.

टाकी आणि जीआय पाईप

एअर रिसीव्हरला, म्हणजे टाकीला, आम्ही वेल्डिंग करत नाही. बारीक पिनहोल दिसतंय म्हणजे आतनं पत्रा खाल्लाय आणि आजूबाजूला पण तसाच पातळ झालाय, त्यावर टाका मारणं म्हणजे रोग झाकणं. कारखाना अधिनियम 1948 च्या कलम 31 मध्ये प्रेशर प्लांटची (दाबाखाली चालणाऱ्या यंत्रांची) जबाबदारी कारखानदारावर टाकली होती, 2025 मध्ये त्या अधिनियमाच्या जागी नवी संहिता आलीय, तेव्हा टाकी सक्षम व्यक्तीकडनं (सरकारमान्य तपासनिसाकडनं) तपासून घ्या आणि खराब असली तर बदला.

जीआय पाईपवर, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पाईपवर, वेल्डिंग करा म्हणणारे पण असतात. जस्त 907 डिग्रीला उकळतं आणि स्टील वितळायला 1500 च्या आसपास लागतात, म्हणजे जॉइंट होईपर्यंत जस्ताचा पांढरा धूर निघतच राहणार. तो धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतो. दूध प्यायलं की धूर बाधत नाही ही समजूत खूप जुनी आहे पण दूध पोटात जातं आणि धूर छातीत. जीआय असेल तर थ्रेडिंग करून सॉकेट लावा, नाहीतर कोटिंग घासून काढून मोकळ्या हवेत करायला लागतं. आणि पीव्हीसीची एअर लाईन कुणी टाकून दिली असेल तर ती काढाच, ती फुटली की काचेसारखे तुकडे उडतात.

जॉइंट कसा करतो

पाईप आम्ही आयएस 1239 (भारतीय मानक) चा एमएस, म्हणजे साध्या स्टीलचा, घेतो, बी क्लास म्हणजे निळी पट्टी किंवा सी क्लास म्हणजे लाल पट्टी. पिवळ्या पट्टीचा ए क्लास स्वस्त पडतो पण भिंत पातळ, वेल्डिंगला भोक पडतं, म्हणून तो आम्ही एअरला वापरत नाही. दोन इंचाच्या वर बट जॉइंट (टोकाला टोक लावून), दोन्ही टोकांना ग्राइंडरनं व्ही मारायची, दोन्ही मिळून साठ-सत्तर डिग्री, मध्ये 2 ते 3 एमएम गॅप, चार ठिकाणी टाके, मग रूट रन, म्हणजे सगळ्यात आतला पहिला थर. रूट टिगनं (आर्गॉन वेल्डिंगनं) केला तर आतनं स्वच्छ येतो. रॉडनं केला तर कीट (वेल्डिंगचा मळ) आत पडायची शक्यता असते आणि ती कीट पुढं जाऊन तुमच्या सिलिंडरच्या सीलमध्ये नाहीतर सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये बसते, मग शिव्या कॉम्प्रेसरवाल्याला. 7018 चा रॉड वापरायचा तर ओव्हनमध्ये तापवूनच, कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडा पडलेला पुडा म्हणजे ब्लोहोलला (वेल्डमधल्या हवेच्या भोकांना) आमंत्रण. छोट्या पाईपला सॉकेट फिटिंग घेतो, पाईप तळापर्यंत ठोकून बसवत नाही, दीड एमएम मागं ठेवतो, नाहीतर गरमीनं पाईप वाढतो आणि वेल्डला चीर जाते.

हेडरला नवीन ड्रॉप (खाली मशीनकडं येणारा फाटा) काढताना भोक वरच्या बाजूला पाडायचं, तिथनं वळसा घालून पाईप खाली आणायचा, म्हणजे हेडरच्या तळाचं पाणी टूलमध्ये येत नाही. आणि भोक पाडल्यावर निघालेली टिकली हातात आली का ते बघायचं. ती आत पडली तर वाहत जाऊन कुठल्यातरी व्हॉल्व्हला अडकते आणि मग प्रेशर का मिळत नाही हे आठ दिवस कुणाला कळत नाही.

वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगची क्लॅम्प जॉइंटच्या शेजारीच लावायची. शेडच्या ट्रसला नाहीतर मशीनच्या बेडला लावून मोकळं व्हायची सवय आहे लोकांना, पण मग करंट परतीचा रस्ता शोधत कॉम्प्रेसरच्या बेअरिंगमधनं जातो आणि बेअरिंगला खड्डे पडतात. ड्राइव्हवाला (मोटरचा वेग बदलणारा) स्क्रू कॉम्प्रेसर असेल तर त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड पण जाऊ शकतं. पावसाळ्यात गळक्या शेडमध्ये ओल्या बुटांनी वर चढून वेल्डिंग करायचं असेल तर आम्ही दुसरा दिवस मागू, वेल्डिंग मशीनच्या होल्डरवर काम चालू नसताना पण 70-80 व्होल्ट असतात.

ठिणग्या उंचावरनं दहा-अकरा मीटरपर्यंत जातात. त्या टप्प्यातलं कॉटन वेस्ट, पेंट, थिनर, कोअर शॉपचं रेझिन तुम्ही हलवून ठेवा, इचलकरंजीच्या लूमवाल्यांनी तर ट्रसवर साचलेला कापसाचा फुफाटा पण आधी काढून घ्या, तो धुमसत राहतो आणि माणसं घरी गेल्यावर पेटतो. काम संपल्यावर आमचा एक माणूस निदान अर्धा तास बादली आणि एक्स्टिंग्विशर घेऊन तिथंच थांबतो. तो रिकामा बसलेला दिसला तरी कामावरच असतो.

टेस्ट

टेस्ट पाण्यानं, दीडपट प्रेशरला. लाईन 7 केजीला चालवायची असेल तर 10.5 केजी. हवेनं दीडपट टेस्ट करा असा आग्रह धरू नका, पाणी दबत नाही म्हणून जॉइंट फुटला तरी प्रेशर लगेच पडतं, पण दाबलेली हवा सगळी ताकद एकदम बाहेर टाकते. पाणी भरायच्या आधी गेज, एफआरएल (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर), होज काढून ठेवतो आणि हँगर बघतो, कारण 4 इंची पाईपमध्ये मीटरला साडेआठ किलोच्या आसपास पाणी मावतं. नंतर पाणी काढून, टोक उघडं ठेवून, समोर कुणी उभं नाही ना बघून ब्लो मारायचा. मग चालू प्रेशरला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. हा कंटाळा करू नका, 7 केजीला 3 एमएमच्या एका भोकातनं 20 सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) वर हवा जाते, म्हणजे पाच एचपीचा कॉम्प्रेसर रात्रंदिवस नुसत्या भोकासाठी पळतोय.

फोन करताना एवढं सांगा: पाईपचा साईज, एमएस की जीआय, चालू प्रेशर किती, कॉम्प्रेसर पिस्टनचा की स्क्रूचा, लीक जमिनीपासून किती उंचीवर, आणि सेक्शन बंद करायचा व्हॉल्व्ह आहे का. दोन फोटो व्हॉट्सॲपला टाका, एक जवळनं आणि एक लांबनं, छप्पर दिसेल असा. शटडाऊन कधी देता ते ठरलं की आम्ही रेट सांगतो.