क्रॅश झाल्यावर मिळणाऱ्या सल्ल्यांची जन्मसालं

व्हिडिओ एडिटिंग करता करता सॉफ्टवेअर बंद पडलं आणि कुणाला विचारलं की ठरलेले सल्ले हमखास मिळतात. कोडेक पॅक (व्हिडिओ दाबणाऱ्या-उलगडणाऱ्या कोडेक नावाच्या तुकड्यांचा गठ्ठा) टाक, फाईल एव्हीआय करून घे, फोटो लहान कर, ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट कर, जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) बंद करून बघ. यातला एकही सल्ला बिनडोक नाही बरं का, कोडेक पॅक सोडला तर प्रत्येक सल्ला कधी ना कधी अगदी शंभर टक्के बरोबर होता, फक्त तो काळ प्रत्येकाचा वेगळा आणि आपण मात्र सगळे एकाच गाठोड्यात बांधून पुढच्याच्या हातात देतो. म्हणून कुठला सल्ला कुठून आला ते जरा मागे जाऊन बघू.

घरच्या घरी कॉम्प्युटरवर एडिटिंग सुरू झालं ते डीव्ही टेपमुळे. डीव्ही फॉरमॅट १९९५ चा, सोबत कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणारी फायरवायरची केबल, कॅमेऱ्यातला डिजिटल डेटा आहे तसाच डिस्कवर. १९९९ मध्ये आयमॅक डीव्हीबरोबर आयमूव्ही आलं, २००० मध्ये विंडोज मी (मिलेनियम एडिशन) बरोबर मूव्ही मेकर, आणि दोन व्हीसीआर जोडून पॉजच्या बटणावर बोट ठेवून बसणारे लोक एकदम माउसवर आले. तेव्हाचा सगळा त्रास डिस्कचा. डीव्हीचा डेटा सेकंदाला साधारण ३.६ एमबी, म्हणजे तासाला १३ जीबी, आणि तेव्हाची डिस्कच मुळात एवढीशी. त्यात विंडोज ९८ आणि मी ची फाईल सिस्टिम फॅट३२, एका फाईलची मर्यादा ४ जीबी, त्यामुळे कॅप्चर, म्हणजे टेप डिस्कवर उतरवणं, बरोबर १९-२० मिनिटांवर जाऊन आपटायचं. जुन्या पद्धतीची एव्हीआय फाईल असेल तर २ जीबीलाच, म्हणजे ९-१० मिनिटांतच खेळ खल्लास. लोकांना वाटायचं सॉफ्टवेअर फालतू आहे, पण दर वेळी त्याच मिनिटाला मरतंय हे ज्याच्या लक्षात आलं त्याला उत्तर सापडलं. आजही पेन ड्राइव्ह किंवा जुनी एक्स्टर्नल डिस्क फॅट३२ मध्ये असेल आणि एक्स्पोर्ट ४ जीबीपाशी अडत असेल तर ते हेच जुनं भूत.

"एव्हीआय करून घे" हा सल्ला पण तिथलाच. त्यात एव्हीआय म्हणजे डीव्ही एव्हीआय असं गृहीत धरलेलं होतं. डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, मागच्या-पुढच्या फ्रेमवर अवलंबून नाही, त्यामुळे टाइमलाइनवर कुठेही उडी मारा, सॉफ्टवेअरला घाम फुटत नाही. पुढे सल्ल्यातला "डीव्ही" गळून पडला आणि नुसतं "एव्हीआय" उरलं, मग लोक आत डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड (फ्रेम एकमेकींवर अवलंबून ठेवणारे कोडेक) असलेल्या एव्हीआय करायला लागले, ज्या एडिटिंगला मूळ फाईलपेक्षाही वाईट. एव्हीआय हा नुसता डबा आहे हो, आत काय भरलंय ते डब्याच्या नावावरून कळत नाही.

आणि इथूनच तो कोडेकचा काळ सुरू होतो, माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात वैतागाचा आणि सगळ्यात मजेशीर. विंडोजवर तेव्हा डायरेक्टशो नावाची व्यवस्था होती. फाईल उघडायची तर एक तुकडा ती फोडणार, दुसरा व्हिडिओ डीकोड करणार, तिसरा आवाज, असे फिल्टर एकमेकांना जोडून साखळी बनायची. हे फिल्टर सगळ्या कॉम्प्युटरचे सामाईक, कुठल्याही प्रोग्रॅमनं आणून टाकले तरी सगळ्यांना दिसणार, आणि एकाच कामाला दोन उमेदवार असतील तर ज्याचा मेरिट नावाचा आकडा मोठा तो निवडला जाणार. आता फिल्टर बनवणाऱ्या प्रत्येकाला आपलाच पुढे हवा, मग आकडा चढवून ठेवलेला. त्यात लोक एकावर एक कोडेक पॅक टाकायचे, एक चालला नाही म्हणून दुसरा, दुसऱ्यानं बिघडलं म्हणून तिसरा. आणि खरी मेख पुढे आहे: फिल्टर हा एडिटिंग सॉफ्टवेअरच्याच प्रोसेसमध्ये लोड व्हायचा. म्हणजे कुणीतरी तिसऱ्यानंच लिहिलेला फिल्टर चुकीच्या मेमरीत घुसला की अख्खं सॉफ्टवेअर बंद, आणि शिव्या कुणाला तर मूव्ही मेकरला! मायक्रोसॉफ्टनं शेवटी मूव्ही मेकरच्या ऑप्शन्समध्ये कंपॅटिबिलिटी नावाचा टॅबच दिला, तिथे बाहेरच्या फिल्टरची यादी असायची आणि एकेकाची खूण काढून कोण गुन्हेगार ते शोधायचं. मी स्वतः अशी एक आख्खी संध्याकाळ घालवली आहे, शेवटी निघाला तो डीव्हीडी प्लेयरबरोबर आलेला एक डीकोडर, ज्याचा माझ्या प्रोजेक्टशी काडीचा संबंध नव्हता.

म्हणजे कोडेक पॅक हा तेव्हासुद्धा औषध कमी आणि रोग जास्त होता. आजची बरीचशी एडिटिंग सॉफ्टवेअर स्वतःचे डीकोडर सोबत घेऊनच येतात, शॉटकट आणि केडेनलाइव्हसारखी तर एफएफएमपेग नावाच्या डीकोडरच्या संचाच्या जोरावर चालतात, त्यांना तुम्ही टाकलेला पॅक दिसतही नाही. क्विकटाइम या व्हिडिओ प्लेयरचं तसंच, विंडोजवरचा त्याचा सपोर्ट अॅपलनं २०१६ मध्ये सोडला आणि सुरक्षेच्या कारणानं तो काढून टाका असंच सांगितलं गेलं, तरी "क्विकटाइम इन्स्टॉल कर" हे अजून ऐकू येतं.

फोटो लहान करण्याचा सल्ला मेमरीमुळे आला. ३२ बिटच्या विंडोज प्रोग्रॅमला स्वतःसाठी साधारण २ जीबी जागा मिळायची, कॉम्प्युटरमध्ये रॅम कितीही कोंबा. आता बघा, १२ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर ४ एमबी दिसतो, पण उघडला की एका पिक्सेलला ४ बाइट धरून ४८ एमबी होतो. असे ४० फोटो एकदम मेमरीत आले की १.९ जीबी, संपलंच. म्हणून व्हिडिओवाले प्रोजेक्ट चालायचे आणि साधा बिचारा फोटोंचा स्लाइडशो एक्स्पोर्टला मरायचा, हे कोडं तेव्हा कुणाला सुटायचं नाही. २०१० मध्ये प्रीमिअर प्रो सीएस५ फक्त ६४ बिटवर आलं, मग २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्स, आणि हळूहळू घरगुती सॉफ्टवेअर पण तिकडे सरकली. ही मर्यादा गेली, पण ग्राफिक्स कार्डच्या मेमरीत तेच गणित परत आलं. डीव्हीची एक फ्रेम उलगडली की दीड-पावणेदोन एमबी, फुल एचडीची ८ एमबी, ४के ची ३३ एमबी, त्यावर चार-पाच लेयर, नॉइज रिडक्शन, आणि कार्डात ४ जीबी. "जीपीयू मेमरी फुल" हा मेसेज म्हणजे त्या जुन्या स्लाइडशोचाच नातू.

ग्राफिक्स कार्ड या भानगडीत आलं कसं, तर कॅमेऱ्यांमुळे. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकनं एव्हीसीएचडी आणलं, आत एच.२६४ नावाचा कोडेक, जिथे बऱ्याच फ्रेम शेजारच्या फ्रेमवरून बनवाव्या लागतात. फाईल छोटी पण उलगडायला जड, त्या वेळचा प्रोसेसर धापा टाकायचा. एक वाट निघाली प्रॉक्सीची, हलकी कॉपी बनवून त्यावर कापाकापी करायची, आणि दुसरी वाट म्हणजे काम जीपीयूवर ढकलायचं. ढकललं खरं, पण त्याबरोबर ड्रायव्हर नावाचा नवा पाहुणा साखळीत आला. विंडोज व्हिस्टापासून असा नियम आहे की ग्राफिक्स कार्डनं साधारण २ सेकंद उत्तर दिलं नाही तर विंडोज ते अडकलं असं समजून ड्रायव्हर रीसेट करतं. गेमसाठी ठीक आहे, पण एखादा जड इफेक्ट तेवढा वेळ खाऊ शकतो, मग मध्येच स्क्रीन काळी, ड्रायव्हर परत आला पण एडिटर गेला. त्यामुळे हार्डवेअर अॅक्सेलरेशन (म्हणजे जीपीयूवर ढकललेलं काम) बंद करून बघणं हा सल्ला मी आजही पहिल्या नंबरवर ठेवतो, कारण दोन मिनिटांत कळतं की दोष इकडचा की तिकडचा. ड्रायव्हर अपडेटचं मात्र तसं नाही, कधी कधी नवा ड्रायव्हरच बिघडलेला असतो आणि जुन्यावर परत जावं लागतं.

फोनमुळे आलेला त्रास वेगळ्याच जातीचा. फोन बहुतेक वेळा फ्रेम रेट वरखाली करत शूट करतो, त्यानं क्रॅश क्वचित होतो, जास्त करून आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडतो. २०१७ मध्ये आयओएस ११ पासून आयफोननं एचईव्हीसी हा नवा कोडेक धरला, तो एच.२६४ पेक्षाही जड, आणि जुन्या मशीनवर परत तोच २००६ चा सीन. प्रॉक्सीचा सल्ला म्हणून अजून ताजा आहे.

नक्की कुणामुळे पडलं हे बघायची सोय विंडोजमध्ये कधीपासूनची आहे पण उघडतं कोण. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये क्रॅशच्या नोंदीत फॉल्टिंग मॉड्यूल म्हणून एका फाईलचं नाव असतं. तिथे ग्राफिक्स ड्रायव्हरची फाईल दिसली तर एक रस्ता, एखाद्या प्लगिनचं नाव दिसलं तर दुसरा, आणि विंडोजच्याच एनटीडीएलएल फाईलचं नाव दिसलं तर समजायचं की खून दुसरीकडे झालाय आणि प्रेत फक्त इथे सापडलंय.

कधी कधी तर तेही नाव फसवं निघतं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर घेतलेल्या लोकांना गेममध्ये "व्हिडिओ मेमरी संपली" असे मेसेज यायचे, ग्राफिक्स कार्डं बदलून झाली, ड्रायव्हर बदलून झाले, आणि २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं की प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून घेत होता, ऑगस्टमध्ये त्यासाठी मायक्रोकोडचं (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचं) अपडेट काढलं. ते बायोसमधून (कॉम्प्युटर सुरू होताना चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमधून) टाकायचं, आणि जो प्रोसेसर आधीच खराब झालाय तो त्यानं दुरुस्त होत नाही, बदलूनच घ्यावा लागतो.