उपाशी शरीर घासन् घास चरबीत टाकतं का?

वजन आधीच कमी, खाणं चिमणीएवढं, तरी धास्ती एकच: ‘शरीर बचत करतंय, आता जेवलं की सगळी चरबीच होणार.’ हे अर्धसत्य आहे. चयापचय मंदावतो, थांबत नाही. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी 36 तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं (आज अशा प्रयोगाला कुणी परवानगी देणार नाही). चयापचय बराच घटला, तरी वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरलंच. पुन्हा खाऊ लागल्यावर सुरुवातीला काटा झपकन सरकतो, तो बराचसा पाण्यामुळे. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं; साठणारं 1 ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खरा धोका वेगळाच: दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाल्लं, तर रक्तातलं फॉस्फेट (शरीराला लागणारा एक क्षार) जिवावर बेतेल इतकं घसरू शकतं. म्हणून आहार वाढवायचा तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली.