पहिले काही दिवस उसन्या प्रतिपिंडांचे

कोपरखैरण्यातील आमच्या शेजारच्या मुलाला रात्रपाळीवरून परतताना कुत्रा चावला. पोटरीवर दातांच्या तीन खुणा होत्या. जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन आम्ही रुग्णालयात गेलो, तेव्हा दंडात लस घेतली की सुटलो, असे तो धरून चालला होता. डॉक्टरांनी मात्र दुसरी सिरिंज भरून प्रत्येक खुणेच्या कडेने आणि खोलवर औषध सोडले. कातडी टरारून फुगली आणि तो कळवळून म्हणाला, "हेही दंडातच द्या ना!"

ते दंडात देऊन भागत नाही. लशीमुळे शरीर स्वतःची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करते खरे, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात, आणि रेबीजचा विषाणू तोवर जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरू शकतो. एकदा लक्षणे दिसली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणून तयार प्रतिपिंडे जखमेतच सोडतात. विषाणू स्वतःवरच्या ज्या प्रथिनाच्या आधारे चेतापेशीत शिरतो, त्यालाच ती चिकटतात.

तयार प्रतिपिंडे देण्याची ही युक्ती 1890 मधली, बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांची. ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथला रेबीजविरोधी सीरम, म्हणजे अशा तयार प्रतिपिंडांचे औषध, आजही घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनते. त्याची मात्रा वजनाच्या किलोमागे 40 एकक. त्यात कामाच्या प्रतिपिंडांबरोबर बिनकामाचीही पुष्कळ असतात. कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची पद्धत शोधली. तिच्यातून आलेल्या रेबीजवरील एका भारतीय मोनोक्लोनल, म्हणजे एकाच जातीच्या प्रतिपिंडांच्या, औषधाची मात्रा किलोमागे अवघी 3.33 एकक आहे.

नेमकेपणाची किंमतही असते. असे प्रतिपिंड विषाणूच्या एकाच जागी बसते. ती जागा बदलली की औषध निकामी होते. करोनावरील प्रतिपिंडांची जोडगोळी ओमायक्रॉनपुढे अशीच निष्प्रभ ठरली. जोडी देऊनही ही गत, म्हणून माझ्या मते एकट्या प्रतिपिंडावर विसंबणे धाडसाचेच.

इबोलावर 2020 मध्ये अमेरिकेत दोन औषधांना मान्यता मिळाली. त्यांतले एक 1995 च्या काँगोतील किक्वित शहरातल्या साथीतून वाचलेल्या माणसाच्या रक्तपेशींतून शोधलेले, तर दुसऱ्यात तीन प्रतिपिंडे एकत्र आहेत. काँगोतील चाचणीत ही औषधे मिळूनही सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावले. मात्र रक्तात विषाणू कमी असतानाच उपचार मिळालेल्यांपैकी बहुतेक वाचले. निपाहवरील प्रतिपिंड 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातून केरळसाठी मागवले होते. निरोगी स्वयंसेवकांवर ते सुरक्षित ठरले आहे, पण रुग्णांवरचा गुण ठरवायचा कसा, हा पेच आहे. साथ अचानक येते, मोजके रुग्ण असतात आणि चाचणीची जुळवाजुळव होईपर्यंत ती ओसरते.

तिसऱ्या दिवशी शेजारचा तो मुलगा लशीच्या पुढच्या डोसला गेला, तेव्हा त्याने आधी पँटचा पाय वर केला. सिस्टर हसल्या. पायातले इंजेक्शन एकदाच असते. पहिल्या डोसनंतर सात दिवस उलटले तर तेही देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. त्याने पाय खाली करून बाही सरसावली.